एकमार्गी वाढीव बॅकअप : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकीय साठ्याची प्रत ठेवण्याचा इतिहास हा प्रामुख्याने वेळ आणि जागा वाचविण्याचा इतिहास आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील 'डंप' या आज्ञेत ० ते ९ असे स्तर होते. शून्य स्तरावर संपूर्ण साठा चुंबकीय फितीवर उतरत असे; वरच्या स्तरावर, त्याहून खालच्या स्तराच्या मागील प्रतीनंतर बदललेल्या फाइल्स तेवढ्याच. फीत पुन्हा वापरली जाईपर्यंत जुनी अवस्थाही शिल्लक राही.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी 'आरसिंक' मांडले. संथ जोडणीवरून फाइलचा बदललेला भागच पाठविणे, हा त्याचा मूळ हेतू. पुढे नेटवर्कवरील साठ्याची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घेण्यासाठीही ते वापरले जाऊ लागले. बदलांचा प्रवाह स्रोताकडून प्रतीकडे, एकाच दिशेने. ही रचना म्हणजेच सुरक्षितता असे मानणे हे अर्धसत्य होय. प्रतीतील बिघाड स्रोतात शिरत नाही, हे खरे. परंतु स्रोतात चुकून बदललेली फाइल पुढच्याच फेरीत चांगल्या प्रतीवर लिहिली जाते. 'डिलीट' हा पर्याय योजल्यास पुसलेली फाइल प्रतीतूनही नाहीशी होते. प्रबंधाचे मसुदे जपणाऱ्या प्राध्यापकास हा फरक क्षुल्लक वाटू नये.

२००३ मधील २.५.६ या आवृत्तीत 'लिंक-डेस्ट' हा पर्याय आला. न बदललेली फाइल पुन्हा न उतरवता मागील प्रतीशी हार्ड लिंकने जोडली जाते. परिणामी प्रत्येक दिवसाचे फोल्डर संपूर्ण दिसते. जागा मात्र मुख्यतः बदललेल्या फाइल्सच व्यापतात. फितींच्या काळातील जुनी अवस्था अशी पुन्हा हाती आली. अर्थात 'एक्सफॅट' पद्धतीच्या डिस्कवर हार्ड लिंक चालत नाहीत, आणि बाजारातील कित्येक बाह्य डिस्क त्याच पद्धतीने तयार केलेल्या असतात.