संगीत कान्होपात्रा : मोह, प्रारब्ध आणि आत्मार्पण

'संगीत कान्होपात्रा' हे नारायण विनायक कुलकर्णी यांचे संतचरित्रावरील नाटक. गंधर्व नाटक मंडळीने ते १९३१ साली रंगभूमीवर आणले. कान्होपात्रेची भूमिका बालगंधर्वांची आणि संगीत मास्टर कृष्णरावांचे. सुरतेत आषाढी-कार्तिकीला भजनाला बसणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना कान्होपात्रेचा एखादा अभंग पाठ असतो. त्यामागची कथा मात्र सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. नव्या पिढीला ती एका ठिकाणी वाचता यावी, म्हणून ही नोंद आम्ही करीत आहोत.

कथा

कान्होपात्रा पंधराव्या शतकातील. तिचे गाव मंगळवेढे, सध्याच्या सोलापूर जिल्ह्यातले. चोखामेळा आणि दामाजीपंत यांच्यामुळे हे गाव संतांची भूमी म्हणून ओळखले जाते. पंढरपूर तेथून सुमारे २५ किलोमीटरवर. तिची आई श्यामा ही गणिका होती आणि मुलीने तोच व्यवसाय करावा, अशी रीत होती. कान्होपात्रेने ते नाकारले. वारकऱ्यांच्या दिंडीबरोबर ती पंढरपुरास गेली आणि तिथेच राहिली.

तिच्या रूपाची वार्ता बिदरच्या बादशहापर्यंत पोहोचली. त्याने तिला आणण्यासाठी शिपाई धाडले. शेवटचे दर्शन घेऊन येते, असे सांगून ती देवळात गेली आणि विठ्ठलाच्या पायांवर तिने प्राण सोडला. देवळाच्या दक्षिण बाजूस तिला पुरले. तिथे उगवलेले तरटीचे झाड हे तिचे स्मारक मानले जाते.

महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' ग्रंथात हे चरित्र सांगितले. तिच्या मृत्यूबद्दल एकमत नाही. ती देवात विलीन झाली असे परंपरा मानते. तिने स्वतः जीव दिला किंवा तिला मारण्यात आले, असेही तर्क मांडले गेले आहेत.

मोह

या कथेतला मोह एका वेळी येत नाही, पायरीपायरीने येतो. पहिला मोह घरातलाच. आई वाईट नाही. मुलीला खायला-ल्यायला कमी पडू नये, एवढेच तिला हवे आहे. दुसरा मोह रूपाचा. आपल्याहून सुंदर असेल त्यालाच वरीन, असा कान्होपात्रेचा पण होता. वारकऱ्यांकडून विठ्ठलाचे वर्णन ऐकल्यावर तिचा रूपाचा अभिमानच तिला पंढरीकडे घेऊन जातो. तिसरा मोह सत्तेचा. बादशहाच्या निरोपात वैभवाचे आमिष आहे, पण 'नाही' म्हणण्याची सोय नाही. पुढे जबरदस्ती असली, की आमिषाला आमिष तरी कसे म्हणावे?

प्रारब्ध

आम्ही आयुष्यभर खातेवह्या पाहिल्या. प्रारब्ध म्हटले की आम्हाला 'मागील पानावरून पुढे' हे शब्द आठवतात. बाकी आधीच्या पानावरची असते, तरी ती आपल्याच खात्यावर येते. कान्होपात्रेचा जन्म तसा होता. पुढची नोंद कोणती करायची, हे मात्र तिने स्वतः ठरवले. तिला कोणी गुरू नव्हता, घराण्याची परंपरा नव्हती. केवळ नामाच्या आधारावर ती संतांच्या मांदियाळीत बसली. जन्माने ठरलेली पायरी भक्तीपुढे टिकत नाही, हे वारकरी संप्रदायाने चोखोबांच्या बाबतीत सांगितले, तेच इथेही. या नाटकात चोखोबांचा जोहाराचा अभंगही गायला जातो. तो तिथे शोभतो, याचे कारण हेच.

आत्मार्पण

नाटकाचे संवाद गद्य असले तरी त्याचा प्राण अभंगांत आहे. मोठ्या अभंगाच्या चौकात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात. शेवटचा आखूड चरण दम संपल्यासारखा थांबतो. कान्होपात्रेचे अभंग वाचताना हे फार जाणवते. त्यांत वीरश्री नाही. मी मरायला तयार आहे, असे ती म्हणत नाही. माझा अंत पाहू नकोस, मला यांच्या हाती देऊ नकोस, अशी तिची विनवणी आहे.

इथे टी. एस. एलियट यांच्या 'मर्डर इन द कॅथीड्रल' या इंग्रजी पद्यनाटकाची आठवण होते. ते १९३५ साली कँटरबरीत झाले, म्हणजे आपल्या नाटकानंतर चारच वर्षांनी. ११७० साली राजाच्या सरदारांनी आर्चबिशप थॉमस बेकेट यांना त्यांच्याच चर्चमध्ये मारले, तो त्याचा विषय. बेकेट यांच्याकडे चार मोह घालणारे येतात. पहिले तिघे सुख आणि सत्ता देऊ करतात. चौथा म्हणतो, हुतात्मा हो, म्हणजे अमर होशील. हाच मोह सर्वांत कठीण, कारण त्यात पुण्याच्या पोटात अहंकार लपलेला असतो. बेकेट यांना तो झगडून दूर सारावा लागतो. कान्होपात्रेकडे हा चौथा मोह फिरकतच नाही. बेकेट हे धर्मपीठाचे प्रमुख, त्यांच्या मरणाला साक्षी होते. एका गणिकेच्या मुलीला कीर्तीची आशा कुठून असणार? तिला फक्त सुटका हवी होती.

म्हणून तिला हुतात्मा म्हणताना आम्ही थोडे थांबतो. मरण तिने शोधले नाही. बाकीच्या वाटा इतरांनी बंद केल्या. तिचा गौरव करताना त्या बंद करणाऱ्यांचा विसर पडू नये.

आख्यानाचा शेवट

परंपरेतील शेवट लक्षात ठेवण्याजोगा आहे. कान्होपात्रा हाती न लागल्याने शिपायांनी पुजाऱ्यांना धरून बिदरला नेले. पुजाऱ्याने दिलेल्या प्रसादाच्या नारळात बादशहाला केस सापडला. तो देवाचाच, असे पुजारी म्हणाला. खात्री करायला बादशहा स्वतः पंढरीस आला आणि कुरळ्या केसांचा देव पाहून नमला. जिला तो बोलावून घेणार होता, तिच्या झाडापाशी त्यालाच यावे लागले.

आज

'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपटही १९३१ सालचाच. नाटक कंपन्यांना उतरती कळा लागत होती, तरी कान्होपात्रेची पदे टिकली आणि मैफलींतून व भजनांतून घरोघरी गेली. पंढरपुरास जाणाऱ्यांनी गर्दीतही तरटीच्या झाडाची चौकशी करावी. आणि आपल्या घरातल्या मुलीला 'तुझ्या नशिबात हेच आहे' असे सांगण्यापूर्वी हे चरित्र एकदा वाचावे, अशी आमची विनंती आहे.