बापाचं इंजिन, पोराचे ब्रेक

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी सोलून, हलकी करून, सुसाट पळवायची. अमेरिकेत आजही बापलेक गॅरेजमध्ये १९३२ ची फोर्ड घेऊन हा उद्योग करतात. गंमत म्हणजे ही गाडी मुळातच बापलेकाची! स्वस्तातलं ६५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन हा हेन्री फोर्डचा हट्ट, तर देखणं रूप मुलगा एडसेलच्या नजरेचं. एडसेलला हायड्रॉलिक ब्रेकही हवे होते, पण म्हातारा अडून बसला. फोर्ड गाड्यांत ते आले थेट १९३९ च्या मॉडेलपासून. १९४३ मध्ये एडसेल गेला, अवघ्या ४९ व्या वर्षी.

पुढे हॉट रॉडवाल्यांना वेगापुढे सळ्यांवर चालणारे जुने ब्रेक पुरेनात. मग त्यांनी १९३९ नंतरच्या फोर्डचे ब्रेक काढून १९३२ च्या गाडीला लावले. घरात न मिटलेला वाद असा परक्या गॅरेजांत मिटला.