ऊद आणि पाणमांजर : नावे व कुळे

पिंपळे गुरव हे पवनेकाठचे गाव. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पुढील दशकांत या पट्ट्यातील शेतमळ्यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. अशा दाट वस्तीतही तग धरणारा निशाचर प्राणी म्हणजे ऊद किंवा उदमांजर होय. वडा-उंबराची फळे, उंदीर, किडे असे मिळेल ते तो खातो व दिवसा ढोलीत किंवा घराच्या माळ्यावर झोपतो. तोंडावरील काळ्या-पांढऱ्या खुणांमुळे तो अमेरिकेतील रॅकूनसारखा भासतो. भ्याला असता उग्र दर्प सोडतो, म्हणून स्कंकचेही स्मरण होते. हे साम्य मात्र फसवे आहे.

या फसगतीस जुना इतिहास आहे. लिनीअसने १७५८ साली रॅकूनला अस्वलाच्या प्रजातीत घातले, तर स्कंकला जवादी मांजर व मुंगूस यांच्या पंक्तीस बसविले. दर्प हेच जणू गोत्र! पुढे स्कंकची गणना पाणमांजराच्या कुळात होऊ लागली. १९९७ साली ड्रॅगू व हनिकट यांनी आनुवंशिक पुराव्यावरून त्याचे स्वतंत्र कुळ मानले. रॅकून, स्कंक, तांबडा पांडा आणि पाणमांजर यांची कुळे आज एका महाकुळात धरली जातात. ऊद पडतो तो मांजर-मुंगसांच्या शाखेत. तेव्हा 'उदमांजरा'तील 'मांजर' हे पद बरेचसे सार्थ ठरते, तर 'पाणमांजरा'तील ते केवळ रूपसादृश्यावर उभे आहे. रॅकूनचा महाराष्ट्रातील आप्त शोधावयाचा तर तो माळ्यावर नव्हे, पाण्यात सापडेल.

शब्दाचा प्रवास याहून विलक्षण आहे. संस्कृत 'उद्र' म्हणजे पाणमांजर. अवेस्तातील 'उद्र' व इंग्रजी 'ऑटर' हे त्याचेच सगोत्र. हिंदीतील 'ऊदबिलाव' अद्याप पाण्यातच आहे. मराठीत मात्र हे नाव झाडावर चढले. जर्डनने १८६७ सालच्या आपल्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात या वृक्षवासी प्राण्याचे मराठी नाव 'ऊद' असेच दिले आहे. धूपाच्या अरबी 'ऊद'शी सांधा जुळविण्याचा मोह गंधामुळे होतो खरा. परंतु हिंदी रूप पाहता 'उद्र' हेच मूळ अधिक संभवनीय वाटते. लांबट अंग व आखूड पाय दोघांनाही आहेत. अर्थ सरकण्यास तेवढे पुरेसे झाले असावे.

तिसरे नाव 'मसण्याऊद' हे प्राण्याच्या जिवावर उठणारे आहे. पुरलेली प्रेते उकरणारा अशी त्याची ख्याती या शब्दानेच पिढ्यान् पिढ्या पोसली, आणि रात्री गच्चीवर दिसलेल्या उदाकडे लोक याच नावाच्या धाकाने पाहतात. त्याच्या विष्ठेत आढळतात त्या बहुधा फळांच्या बिया.