मेंदूतले साठे आणि आपली माणसं : एका अनुमानाचा इतिहास

घरातलं वयस्क माणूस रोजची वाट विसरू लागलं, की आपल्याकडे ‘म्हातारचळ’ म्हणून विषय संपवत असत. त्या विसरण्यामागचा बिघाड प्रत्यक्ष दाखवला तो आलॉइस आल्झायमर यांनी. ऑगस्ट डेटर ही त्यांची रुग्ण १९०६ साली वारली. तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवल्यावर त्यांना पेशींबाहेर साठे आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले. पुढे कळलं, की साठे अमायलॉइड या प्रथिनाचे आणि धागे टाऊचे.

पण अडचण बघा. हे सगळं दिसायचं मृत्यूनंतर! जिवंत माणसाच्या बाबतीत डॉक्टरांना अनुमानच करावं लागे. ही कोंडी पिट्सबर्गच्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी फोडली. प्रयोगशाळेतल्या थायोफ्लेविन रंगात बदल करून त्यांनी मेंदूत शिरणारा आणि साठ्यांना चिकटणारा रेणू बनवला व त्याला किरणोत्सारी कार्बन जोडला. २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे पेट स्कॅनवर माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड पहिल्यांदा दिसलं.

त्याच वर्षी आपल्या परळला, रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र सुरू झालं, मुख्यतः कर्करोगासाठी. सायक्लोट्रॉन जवळच का लागतो? तर हा कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो. परळहून स्लो लोकलने तासाभरात कळव्याला आणला, तर हाती उरेल आठवा हिस्सा. म्हणून पुढे ११० मिनिटांत निम्मं होणारं फ्लोरिन वापरात आलं. त्यावर आधारलेल्या फ्लोरबीटापिरला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली.

आता माझ्या विषयाकडे येतो. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान नैयायिक मान्य करतात, कारण अग्नीवाचून धूर नसतो. साठे दिसले म्हणजे स्मृतिभ्रंश आहेच, असं म्हणता येईल का? नाही. डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेतल्या जोगिणींचा दीर्घ अभ्यास केला. त्यातल्या सिस्टर मेरी शंभरी ओलांडूनही स्मरणाच्या चाचण्यांत चांगल्या होत्या. मृत्यूनंतर मात्र त्यांच्या मेंदूत साठे विपुल निघाले. न्यायाच्या भाषेत हा हेतू व्यभिचारी ठरला. उलट बाजू मात्र बरीच पक्की आहे: साठे दिसलेच नाहीत, तर विसरण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य ही उपचार होण्याजोगी कारणं आधी तपासावीत.

तेव्हा स्कॅनच्या कागदावर आईचं भविष्य वाचू नका. ती आज काय विसरते आणि काय अजून करू शकते, ते रोज तिच्याजवळ बसूनच कळतं.