विकावी, की पुन्हा चालती करावी? : बंद गॅरेजातील मोटारी आणि मूळ संहितेचा प्रश्न

इंग्लंडच्या ईशान्येस न्यूकॅसल शहराचे गॉसफर्थ नावाचे उपनगर आहे. तेथे २००७ साली एका वृद्ध अस्थिशल्यविशारदांचे निधन झाले. पुढे वारसांनी त्यांच्या गॅरेजाची आवराआवर केली, तेव्हा जुने सामान, कागद आणि धूळ यांच्याखाली १९३७ सालची बुगाटी टाइप ५७ एस अटलांट ही मोटार उभी होती. डॉक्टरांनी ती १९५५ मध्ये ८९५ पौंडांना घेतली, काही वर्षे चालवली आणि साधारण १९६० पासून ती रस्त्यावर आली नाही. या घडणीच्या अवघ्या सतरा मोटारी झाल्या होत्या. ही मोटार मुळात अर्ल हौ यांच्यासाठी बांधली गेली. ते ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबचे पहिले अध्यक्ष आणि १९३१ च्या ल मान शर्यतीचे सहविजेते होते. तिच्यावर स्वतःच्या पसंतीचे बंपर त्यांनी बसवून घेतले होते. नंतरच्या एका मालकाने इंजिनाला सुपरचार्जर जोडला. म्हणजे डॉक्टरांच्या हाती आली तेव्हाच या 'संहिते'त दोन हातांची भर पडलेली होती.

वारसांपुढे तीन वाटा होत्या. मोटार पुन्हा चालती करून कुटुंबात ठेवावी, चालती करून विकावी, किंवा आहे तशी विकावी. त्यांनी तिसरी वाट घेतली. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिस येथे बॉनम्स या लिलावगृहाने ती ३४,१७,५०० युरोंना विकली. वृत्तपत्रांतून तेव्हा आकड्याचे कौतुक पुष्कळ झाले. आम्हांस मात्र त्या आकड्यापेक्षा मधली सत्तेचाळीस वर्षे अधिक बोलकी वाटतात. त्या काळात डॉक्टरांनी मोटार विकलीही नाही आणि दुरुस्तही केली नाही. एका पिढीच्या न ठरवण्यामुळेच पुढच्या पिढीच्या हाती इतके काही शिल्लक राहिले, हे मान्य करावे लागते. ती साठच्या किंवा सत्तरच्या दशकात बाहेर पडली असती, तर तत्कालीन रिवाजानुसार तिला नवा रंग, नवे चामडे आणि कारखान्यातही कधी नसेल इतकी झळाळी मिळाली असती.

'चालती करणे' म्हणजे प्रत्यक्षात काय, हे येथे थोडे विस्ताराने पाहणे अवश्य आहे, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीतील पेट्रोल उडून जाते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत त्याचा चिकट राळेसारखा थर बसतो. ब्रेकमधील रबर कडक होऊन चिरते. सिलिंडरमध्ये दमट हवा शिरली की पिस्टनची कडी भिंतीला धरून बसतात. जाणता कारागीर अशा इंजिनाला एकदम चावी लावत नाही. तो आधी सिलिंडरमध्ये तेल सोडतो, काही दिवस वाट पाहतो आणि मग हाताने अगदी सावकाश इंजिन फिरवून पाहतो. घाई केली तर सिलिंडरच्या भिंतीवर कायमचे ओरखडे पडतात. येथवरचे काम परतीचे असते, पुढचे नसते. त्या काळच्या अनेक मोटारींचा सांगाडा लाकडी असे आणि त्यावर पत्रा हाताने ठोकून चढवलेला असे. लाकूड कुजले असेल तर पत्रा उतरवावा लागतो, आणि एकदा उतरलेला पत्रा नव्या लाकडावर पूर्वीसारखा बसत नाही. रंग खरवडला की त्याखालचे आधीचे रंगही जातात. मालकांचा क्रम, अपघाताच्या खुणा, एखाद्या लोहाराने घातलेला ओबडधोबड टाका, असा सगळा पुरावा त्यासोबत पुसला जातो. पोथीचे जीर्ण पान फेकून त्याजागी स्वच्छ अक्षरात नवे पान शिवावे, तसेच हे. वाचायला सोय होते, पण साक्ष नाहीशी होते.

इमारतींच्या बाबतीत हा वाद एकोणिसाव्या शतकातच पेटला होता. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक हे वास्तूला अशा पूर्णावस्थेत नेण्याच्या मताचे होते की जी अवस्था प्रत्यक्षात कोणत्याही एका क्षणी कदाचित अस्तित्वातच नसेल. उलट रस्किन यांनी १८४९ मध्येच जीर्णोद्धाराला विध्वंसाचा सर्वांत वाईट प्रकार ठरवले आणि विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्थाच काढली. यंत्राच्या बाबतीत मात्र रस्किनांचे म्हणणे जसेच्या तसे लागू करता येत नाही, असे आम्हांस वाटते. देऊळ उभे राहूनच देऊळ असते. शर्यतीची मोटार उभी राहून काय असते, हे ठरवणे तितके सोपे नाही.

या प्रश्नाला एका न्यायाधीशांना प्रत्यक्ष निकालपत्रात सामोरे जावे लागले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो खटला अवश्य जाणून घ्यावा. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स मोटार १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो चालकांपैकी एक होते. शर्यतीगणिक तिचे भाग बदलत गेले. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचे इंजिन होते. त्या वर्षी ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती उतरत्या धावपट्टीच्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाले. उरलेल्या भागांतून पुढे तिची बंद टपाची मोटार बांधण्यात आली. अनेक वर्षांनी, १९९० मध्ये, तत्कालीन मालक हबर्ड आणि मिडलब्रिज ही कंपनी यांच्यात एक कोटी पौंडांचा सौदा ठरला. मग खरेदीदार मागे फिरला. ही खरी 'ओल्ड नंबर वन' नव्हेच, असे त्याचे म्हणणे पडले.

न्या. ऑटन यांनी एकेका भागाची वंशावळ तपासली. १९२९ मध्ये कारखान्यातून निघालेल्या मोटारीचे जवळजवळ काहीच उरले नव्हते. १९३० च्या मोटारीचेही किरकोळ तेवढेच भाग सापडले. तरीही त्यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. ही मोटार कधीही अस्तित्वातून गेली नाही, तिचा इतिहास सलग आहे आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी मोटार जगात नाही, म्हणून हीच अस्सल, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. येथे 'मूळ' आणि 'अस्सल' या दोन शब्दांत न्यायालयाने केलेला भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. मूळपण द्रव्यात असते आणि अस्सलपण परंपरेत. आपल्याकडे वर्गात हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात!

मराठीच्या अभ्यासकास येथे एकनाथ आठवणारच. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीत शिरलेले अपपाठ काढले आणि पुढे कोणी स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. मोटारीच्या परिभाषेत सांगायचे तर एकनाथांनी ग्रंथ 'चालता' केला. तो चालता झाला म्हणून घरोघर वाचला गेला. पण त्यांनी ज्या प्रतींवरून काम केले, त्यांतील काय ठेवले आणि काय टाकले याची टिपणे आपल्यापाशी नाहीत. सव्वातीनशे वर्षांनी, १९०९ मध्ये, वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली. 'जुने रूप कोणते' हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. तेथे पद्धत निराळी होती. संपादकांनी संहिता ठरवली, पण सोडलेले पाठभेदही तळटिपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. ज्याला संपादकांचा निर्णय पटत नाही, त्याला त्याच पानावर दुसरा पाठ जुळवता येतो. आमच्या मते बंद गॅरेज उघडणाऱ्याने पुढे ठेवावा असा नमुना हाच आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील माज्जोरे सरोवरात ५३ मीटर खोलीवर एक बुगाटी ब्रेशिया मोटार बुडालेली होती. १९६७ मध्ये एका पाणबुड्याला ती सापडली आणि १२ जुलै २००९ रोजी वर काढण्यात आली. ती तळाशी कशी गेली, याचे दोन पाठ आहेत. एका पाठात रने द्रेफ्यूस हे फ्रेंच चालक पॅरिसमध्ये पत्त्यांच्या डावात ती हरले आणि जिंकणाऱ्याला सीमेवर जकात भरता आली नाही. दुसऱ्या पाठात ती आस्कोना येथे राहणाऱ्या एका वास्तुविशारदाने आणली होती. जकात थकल्याने ती नष्ट करणे भाग पडले, म्हणून साखळीला बांधून पाण्यात सोडली गेली आणि साखळी गंजून तुटली. पहिला पाठ सांगायला रंगतदार आहे, दुसरा कार्यालयीन आणि रुक्ष. आमचे मत दुसऱ्याच्या बाजूने झुकते. ओढूनताणून रंगवलेली कथा ही नंतरची असते, हा पाठचिकित्सेतील जुना अनुभव आहे.

तिला वर काढण्याचे कारण मात्र खरे आणि दुःखद आहे. लोकार्नो येथे २००८ च्या कार्निव्हलमध्ये एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला होता. तरुणांमधील हिंसेविरुद्ध काम करण्यासाठी त्याच्या नावाने न्यास स्थापन झाला. त्या न्यासास पैसा मिळावा म्हणून स्थानिक पाणबुड्यांच्या मंडळाने महिनोन्महिने गाळ उपसला. जानेवारी २०१० मध्ये तो गंजलेला सांगाडा २,६०,५०० युरोंना विकला गेला. 'विकावी की ठेवावी' या प्रश्नावर बोलताना आपण बहुधा विक्रीला स्मृतीचा द्रोह समजतो. येथे विक्री हीच स्मृतीची सोय होती. खरेदीदार पीटर मलिन यांनी कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथील आपल्या संग्रहालयात ती दुरुस्त न करता तशीच मांडली. ते संग्रहालय मलिन यांच्या निधनानंतर, २०२४ मध्ये, बंद झाले.

न दुरुस्त करण्याचेही पुढे फॅशन झाले, हे नोंदवले पाहिजे. पश्चिम फ्रान्समधील रॉजे बायों हे वाहतूक व्यावसायिक. त्यांना मोटारींचे संग्रहालय उभारायचे होते, पण सत्तरच्या दशकात धंदा बुडाला आणि मोटारी पत्र्याच्या छपराखाली कुजत राहिल्या. २०१४ मध्ये त्यांच्या नातवंडांच्या पिढीने लिलावगृहास बोलावले. पुढच्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये त्या धुळीसकट मांडण्यात आल्या. जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडलेली, एकेकाळी अलें दलों या नटाकडे असलेली फेरारी सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. धूळ पुसू नये, अशी तेथे काळजी घेतली जात होती म्हणे. आम्हांस यात थोडी गंमत आणि थोडा संताप वाटतो. गंज हा पुरावा आहे, धूळ नव्हे. धुळीत फक्त न वापरलेपण असते. त्या वडिलांच्या आणि आजोबांच्या मोडलेल्या स्वप्नाची किंमत मखमली दोरीमागे उभ्या श्रीमंतांनी ठरवावी, हे दृश्य काही सुखद नाही. अर्थात नातवंडांकडे साठएक मोटारी चालत्या करण्याइतका पैसा कोठून असणार? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

भारतात हाच प्रश्न २०२१ मध्ये नियमाच्या भाषेत आला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात जपलेल्या आणि सांगाडा, टप वा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' ठरवून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी देऊ केली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क ठेवले. रोजच्या वा व्यापारी वापरास अशी मोटार चालत नाही. ही व्याख्या काटेकोरपणे लावली तर 'ओल्ड नंबर वन' आपल्याकडे नोंदणीस अपात्र ठरेल. म्हणजे आपला नियम द्रव्याच्या बाजूचा आणि न्या. ऑटन परंपरेच्या बाजूचे. शिवाय आपल्याकडे शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या मोटारींपैकी बहुतेक देशी कारागिरांनी हाताला येईल त्या सुट्या भागांवर जगवलेल्या आहेत. त्या जगवण्याचा इतिहास हाच त्यांचा खरा इतिहास आहे, आणि नियम नेमका तोच दोष म्हणून मोजतो.

मग करावे काय? कोणी आम्हांस विचारले, तर प्रथम काहीच करू नये असे सांगू. दार उघडल्यावर जागच्या जागी छायाचित्रे घ्यावीत. हातमोज्यांच्या खणातील पावत्या, परवाने, पत्रे वेगळी काढून त्यांची यादी करावी. इंजिन आणि सांगाड्यावरचे क्रमांक उतरवून घ्यावेत. रंगाचे थर कोठे दिसतात ते टिपावे. राजवाडे १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापत होते, तेव्हा घराघरांतील दप्तरे एकीकडे वाळवीच्या आणि दुसरीकडे रद्दीवाल्याच्या तोंडी जात होती. तेव्हाही पहिली गरज नक्कल आणि नोंद हीच होती. मालकी कोणाकडे राहते हा नंतरचा प्रश्न. नोंद झाल्यावर घरात तरुण आणि हौशी माणूस असेल, पैशाचे बळ असेल, तर मोटार सावकाश चालती करावी आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा. तसे नसेल तर विकावी. पंचवीस वर्षे 'पुढच्या उन्हाळ्यात बघू' म्हणत ताडपत्रीखाली पाणी झिरपू देणे, हा मात्र जपणुकीचा प्रकार नव्हे. न्यूकॅसलच्या डॉक्टरांचे गॅरेज कोरडे होते, हा योग होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट मोटारीचा मान प्रथमच एका न रंगवलेल्या, जपणूक वर्गातील मोटारीस मिळाला. ती १९३४ सालची बुगाटी टाइप ५९, एकेकाळी बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्या मालकीची. तिच्या काळ्या रंगाला भेगा गेलेल्या आहेत आणि ती चालते. याच जातीच्या मोटारीने १९३४ ची बेल्जियन ग्रां प्री जिंकली होती आणि तेव्हा चाकावर होते रने द्रेफ्यूस, म्हणजे सरोवरातल्या त्या दंतकथेत पत्त्यांत मोटार हरणारे तेच.