दुर्मिळ मृदांचे क्लोराइड : एका उपपदार्थाचा इतिहास

‘दुर्मिळ मृदा’ ही संज्ञा दोन्ही अंगांनी फसवी आहे. यांपैकी सिरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते; आणि ‘मृदा’ म्हणजे माती नव्हे, तर जुन्या रसायनज्ञांच्या परिभाषेतील, तापवूनही न बदलणारी ऑक्साइडे होत. १८३९ मध्ये मोसांडरला सापडलेल्या लँथॅनमचे नाव मात्र चपखल आहे : ‘दडून राहणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ते आले. आपल्या औद्योगिक इतिहासातही ही मूलद्रव्ये थोरियमच्या मागे दडून राहिली.

त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाने ओळखले. ही वाळू परदेशी जाई ती गॅसबत्तीच्या मँटलसाठी. आपल्या वराती ज्या बत्त्यांच्या उजेडात निघत, त्यांच्या मँटलमध्ये थोरियम ऑक्साइड सुमारे ९९ भाग व सिरियम ऑक्साइड अवघा एक भाग असे. बाकीच्या मृदांची विचारपूस कोण करणार?

१८ ऑगस्ट १९५० रोजी ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही कंपनी स्थापन झाली. १९५२ च्या अखेरीस तिचा आळवे येथील कारखाना व १९५५ मध्ये मुंबईजवळ तुर्भे येथील थोरियम कारखाना सुरू झाला. आळव्यास दळलेले मोनाझाइट दाहक सोड्यात शिजवीत. फॉस्फेट विरघळून जाई. उरलेल्या हायड्रॉक्साइडांवर बेताने हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की दुर्मिळ मृदा द्रावणात उतरत व थोरियम मागे राहत असे. थोरियम तुर्भ्यास येई. द्रावण आटवून मिळणारे मिश्र क्लोराइड बव्हंशी न विलगताच परदेशी विकले जाई. खरे मोल विलगीकरणात होते, आणि ते दुसऱ्यांच्या पदरी पडले, असे माझे मत आहे.

हे क्लोराइड हवेतील ओलावा शोषते. म्हणून ते घट्ट झाकून ठेवावे लागते. स्फटिकांत पाण्याचे सहा-सात रेणू असतात. ते उघड्यावर तापविल्यास पाण्याबरोबर दाहक हायड्रोजन क्लोराइडही निघतो व ऑक्सिक्लोराइड उरते. यास्तव निर्जल क्लोराइडासाठी अमोनियम क्लोराइड मिसळून तापवितात. विद्युत्‌विच्छेदनाने त्यातून मिळणारा मिश्रधातू सिगारेट-लायटरच्या ठिणगीस उपयोगी पडतो.

खरा धोका मात्र सोबत्याचा आहे. थोरियमपासून उपजणारे रेडियम-२२८ द्रावणात क्लोराइडाबरोबरच उतरते. ते बेरियम सल्फेटच्या साक्याबरोबर खाली बसविल्यावाचून क्लोराइड विक्रीयोग्य होत नाही. आणि तो किरणोत्सर्गी साका कारखान्यातच काँक्रीटच्या खंदकांत साठवावा लागतो.