शहाजीराजांनी किती वेळा 'राजीनामा' दिला?

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या कँटीनमध्ये एक वाक्य रोज कानावर पडतं: "माणूस कंपनी नाही सोडत, बॉस सोडतो." हे कितपत खरं, ते आज आपल्या नगरच्याच इतिहासात बघू.

साल 1624, नगर तालुक्यातलं भातवडी. एकीकडे मुघल आणि विजापूरकरांची एकत्र फौज, दुसरीकडे एकटी निजामशाही. तिचा कारभार मलिक अंबरच्या हातात. गुलाम म्हणून भारतात आलेला हा हबशी महसुलाची घडी बसवणारा आणि गनिमी काव्यात तरबेज. निजामशाही जिंकली. तरुण शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

एवढं केल्यावर माणूस टिकायला हवा ना? पण थोड्याच काळात राजे थेट विजापूरला गेले, ज्यांना नुकतंच हरवलं होतं त्यांच्याकडेच! इतिहासकार दोन कारणं सांगतात: भाऊबंदकी आणि मलिक अंबरशी बिनसणं. म्हणजे बॉस कर्तबगार असला तरी माणसं टिकतातच असं नाही.

1626 मध्ये मलिक अंबर वारला आणि पुढे लवकरच राजे निजामशाहीत परतले. दरबार तोच, फक्त वरचा माणूस बदलला होता.

मग 1629. निजामशहाने दौलताबादच्या दरबारात राजांचे सासरे लखुजी जाधवराव यांना मारवलं. इथे प्रश्न मानापमानाचा उरलाच नाही, जिवाचा झाला. राजे मुघलांकडे गेले. पाच हजारी मनसब मिळाली, आजच्या भाषेत तगडं पॅकेज. पण त्यांना दिलेला काही मुलूख बादशहाने मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याला देऊन टाकला. 1632 मध्ये राजांनी मुघलांनाही रामराम ठोकला.

आता खरी गंमत. निजामशाही बुडायला आली, तेव्हा तिला सावरायला कोण उभं राहिलं? दोनदा सोडून गेलेले शहाजीराजेच! संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर त्यांनी निजामशाही घराण्यातल्या लहानग्या मूर्तझाला गादीवर बसवलं आणि 1636 पर्यंत लढा दिला.

म्हणून 'सोडून गेला म्हणजे निष्ठा नव्हती' हे मला पटत नाही. मन जुळेना, भरवसा उडाला, शब्द मोडला, की माणूस निघतो. आकडा मोठा असला तरी.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. सरदार निघाला की त्याची फौजही सोबत जायची, त्यामुळे नवा दरबार त्याला मानाने घ्यायचा. आपल्यामागे फौज नाही, घराचा हप्ता आहे. म्हणून राजीनामा टाइप करण्याआधी स्वतःला एकच विचारा: मला कंटाळा आलाय, की माझा भरवसा उडालाय? कंटाळ्यावर सुट्टी पुरते. उडालेला भरवसा पगारवाढीने परत येत नाही.

आणि टीम लीड मंडळी, भातवडी जिंकून देणाऱ्याला सांभाळा. तो गेला तर बहुधा समोरच्याच कंपनीत जाईल.